नानाजींचा स्पीकर आणि गृहसचिवाची सही

राळेगावहून आत वळलं की जे गाव लागतं, तिथे नानाजींचा फोन वाजला की बाकीचे लोक आपले फोन खिशात घालतात. कारण नानाजी फोन घेतात तो स्पीकरवरच. पेढ्यांचं ताट धरावं तसा तो तळहातावर आडवा धरायचा, आभाळाकडे बघायचं आणि म्हणायचं, "हां, बोला." यापुढे पलीकडचा माणूस जे बोलेल ते नानाजींचं कमी आणि गावाचं जास्त.

विचारलं तर नानाजी सांगत, "या फोनचा आवाजच बारीक हाय." याआधीचा फोनही बारीक आवाजाचाच निघाला होता. टीव्हीही तसलाच. आणि अलीकडे विमलताईंचा आवाजही बारीक झाला, असं त्यांचं म्हणणं. विमलताई म्हणजे त्यांची बायको. त्यांनी हाक मारली की शेजारच्या वावरातले बैल मान वळवून बघतात. नानाजींना कमी ऐकू येतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त नानाजींसमोर ते बोलायचं नाही, असं गावानं न ठरवताच ठरवलं होतं.

दुपारी ते बाबुलालच्या चहाच्या हॉटेलसमोर बाकावर बसत. फोन आला की बाबुलाल स्टोव्ह बारीक करी, म्हणजे भुर्रर्र आवाजात एखादा शब्द वाया जायला नको. व्याह्यांचा गुडघा, खताच्या दुकानदाराच्या थापा, सारं गावाला वेळच्या वेळी कळे. कोणाची तक्रार नव्हती.

तक्रार निघाली ती नातीची. अपेक्षा यवतमाळला वसतिगृहात राहून वकिली शिकते. दर रविवारी तिचा फोन यायचा. मागच्या वर्षी ती एका विषयात राहिली आणि रडत रडत तिनं ते आजोबांना सांगितलं. पुढच्या सुटीत ती एसटीतून उतरायच्या आधीच कंडक्टर म्हणाला, "बाई, पुढच्या खेपेले निघून जाते." उतरल्यावर बाबुलालनं सांत्वन केलं, "माहा साडू तीनदा राह्यला होता, आज सरपंच हाय." कापूस वेचणाऱ्या बायांची पुढारी मानीबाई, तिनं तर भर रस्त्यात पोरीला जवळ घेतलं. सगळे मनापासून बोलत होते, हेच तर जास्त वाईट.

त्यानंतर रविवारचा फोन बंद झाला. रोज सकाळी फक्त एका फुलाचं चित्र येई, खाली 'सुप्रभात'. नानाजी ते फूल बोटानं खालीवर सरकवून बघत, मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून.

दिवाळीला ती आली तेव्हा त्यांनी विचारलंच. "काहून वं पोरी, फोन नाई करत?"

"तुम्हाले केला म्हणजे गावाले केला, नानाजी."

"मंग? आपलेच तं लोक हायत."

"आपले हायत म्हणून काय झालं? खासगीपण हा माणसाचा मूलभूत हक्क हाय, सुप्रीम कोर्टानं सांगतलं. कोणाचा फोन ऐकाचा असंन तं सरकारलेबी गृहसचिवाचा लेखी हुकूम लागते. कारण लिहा लागते. वरून समिती तपासते. अन् बाबुलालकाकाले काय लागते? फकत स्टोव्ह बारीक करा लागते."

आपला फोन ऐकायचा तर मुंबईत एवढ्या मोठ्या साहेबाला सही करावी लागते, हे ऐकून नानाजींची छाती फुगली. हॉटेलात त्यांनी ते सर्वांना ऐकवलं. बाबुलाल म्हणाला, "पण नानाजी, आम्ही कुठी चोरून ऐकतो? तुम्हीच वाजवता." चोरून ऐकणाऱ्याचा बंदोबस्त सरकारनं केला होता, स्वतःच वाजवणाऱ्याचा राहून गेला होता.

कापूस वेचणी जोरात आली आणि एक दिवस फूलही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विमलताई म्हणाल्या, "पोरीचं काहीतरी बिनसलं. माह्यासंगबी धड बोलत नाई." जेवण अर्धं टाकून नानाजी उठले आणि वावरात गेले. चारी बाजूंनी पाहिलं. एका अंगाला तुरी डोक्यावर गेलेल्या, बाकी सगळं मोकळं. त्यांनी फोन लावला.

"अपेक्षा, मी वावरात हाओ. इथं पाखरू नाई. बोल."

आधी नुसते हुंदके आले. मग ती बोलायला लागली. स्पीकरचा आवाज काही तुरीपलीकडे जाण्यासारखा नव्हता. पण नानाजींना एक सवय होती. ऐकलेलं नीट कळलं का, हे ते पुन्हा मोठ्यानं म्हणून बघत.

"काय? कॉलेजातल्या सरावाच्या कोर्टात? उभी राह्यली अन् शब्दच फुटला नाई?"

"हळू बोला, नानाजी."

"हळूच बोलून राह्यलो. सारे पाहत होते अन् तू खाली बसली? आता वकिली सोडून देतो म्हणतं?"

पलीकडून पुन्हा हुंदका आला. धीर धर, अभ्यास कर, हे सांगायला गावभर लोक होते. त्यांनी घसा साफ केला.

"तू सांगतलं, आता मी सांगतो. विमललेबी सांगतलं नाई. मले ऐकू येत नाई, पोरी. फोन चांगला हाय. कानच गेले. लोक हासतीन म्हणून फोनवर ढकलून देल्लं. हे कोणाले सांगू नको."

शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की बाभळीवरचे बगळे उडाले.

"असं कर, तू पुन्हा एकडाव उभी राह्य. मी कानाले मशीन लावतो. तुले लाज वाटन, मलेबी वाटन. दोघंबी लाजू."

ती हसली. ते हसू मात्र त्यांना चांगलं ऐकू आलं.

फोन खिशात ठेवून ते वळले तर तुरीपलीकडे काहीतरी हललं. वाकून पाहिलं. मानीबाई आणि तिच्या साऱ्या बाया शेजारच्या वावरात ओळीनं कापूस वेचत होत्या. माना खाली. एरवी त्यांची टोळी अर्ध्या शिवाराला ऐकू येते, आज एकही बोलत नव्हती, आणि वेचून झालेली बोंडंसुद्धा त्या पुन्हा वेचत होत्या.

संध्याकाळी नानाजी जीव मुठीत धरून हॉटेलात गेले. कापसाच्या भावाची गोष्ट निघाली, रानडुकरांची निघाली. नातीचं नाव कोणी काढेना. त्यांना तेही सहन होईना. घरी जाताना मानीबाई भेटली तेव्हा त्यांनी विचारून टाकलं, "दुपारी तुम्ही काही ऐकलं का?"

"कसं ऐकाव, नानाजी?" मानीबाई साळसूदपणे म्हणाली. "आमच्यापाशी त्या मुंबईच्या सायबाची सही कुठी होती?" दोन पावलं पुढे जाऊन ती थांबली. "पण मशीन घ्यान तं दोन्ही कानाचं घेजा. एका कानाचं नोका घेऊ."

नानाजींनी यवतमाळहून दोन्ही कानांचं घेतलं. घरी आल्याबरोबर विमलताईंना म्हणाले, "वरडतं कायले?" त्या बिचाऱ्या नेहमीसारख्याच बोलत होत्या.

मग एका दुपारी हॉटेलात फोन वाजला. बाबुलालनं सवयीनं स्टोव्ह बारीक केला. नानाजींनी फोन कानाला लावला, पाठ वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नुसतं हं, हं म्हणत राहिले. मग फोन ठेवला आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले.

"काय म्हणे नात?" बाबुलाल म्हणाला.

"सही आणा," नानाजी म्हणाले. "अन् साऱ्याइले चहा द्या, माह्याकडून."

बाबुलालनं स्टोव्ह मोठा केला आणि चहात साखर अंमळ जास्त टाकली.