माहेरी निघालेली बस

१७ नोव्हेंबर. मझौली गावाहून येणाऱ्या पहिल्या बसमध्ये भरून आणलेले फॉर्म टेबलावर होते. माझं काम एवढंच, की त्यांचे दोन गठ्ठे करायचे: कामासाठी निघालेले आणि इतर.

परदेशी कर्जातून कोणते रस्ते रुंद करायचे, हे तेव्हा आमच्या जबलपूरच्या ऑफिसात ठरत होतं. रस्ता सुधारला की प्रवाशांचा वेळ वाचतो. त्या वेळेची किंमत खर्चापेक्षा जास्त भरली तर रस्ता यादीत, नाहीतर बाहेर. कामाला निघालेल्याच्या तासाला चांगली किंमत होती, नातेवाइकांकडे निघालेल्याच्या तासाला जवळजवळ शून्य. नियम करणाऱ्या तज्ज्ञांच्या घरी पाहुणे फार येत असावेत.

मझौलीचा रस्ता थोडक्यात हुकत होता. आमचे साहेब नागपूरकडचे. हिंदीत हुकूम सोडायचे आणि माझ्याशी मराठीत कुरकुरायचे.

"बाई, मझौली बसत नाही. उद्या दुपारी यादी भोपाळला जाते. तुम्ही काहून अजून त्यातच डोकं घालून राहिल्या?"

"साहेब, या बसमधल्या सगळ्या बायका माहेरी चालल्या आहेत."

"मग जाऊ द्या ना त्यांना."

"सगळ्या एकाच सकाळी? आणि प्रत्येकीजवळ शिंगाड्यांचं पोतं?"

साहेबांनी सामानाचा रकाना वाचला. "माहेरच्यांना शिंगाडे आवडत असतील."

"एकीजवळ तराजूपण आहे."

त्यांनी रकान्यावरून पुन्हा बोट फिरवलं. मला कोडं उरलं नव्हतं. आमच्या मोजणी कारकुनानं भर बसमध्ये, मोठ्या आवाजात विचारलं होतं, "कहाँ जा रही हो, किस काम से?" मागच्या बाकावर गावातले सासरे, थोरले दीर बसलेले. घरची सून बाजारात बसून माल विकते हे सगळ्या गावाला माहीत असतं, पण चारचौघांत तिनं म्हणायचं ते माहेरच. मी स्वतः या नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा दीक्षितपुऱ्यातल्या घरी मैत्रिणीच्या डोहाळेजेवणाला जाते म्हणून सांगितलं होतं. सासूबाईंनी नारळही दिला होता ओटीसाठी.

"कागदावर माहेर लिहिलंय ना जी? मग माहेरच," साहेब म्हणाले. "आपल्या मनानं खोडायचं नाही."

हे मात्र त्यांचं बरोबर होतं.

"खोडत नाही. उद्याच्या बसला पुन्हा विचारते. सकाळचा वेळ द्या."

"द्या म्हणजे घ्या. पण जीप मिळणार नाही."

जीप मागितली कोणी होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहरातल्या विजय नगरच्या थांब्यावर उभी राहिले. बस आली. पुरुष तहसिलीच्या, कोर्टाच्या कामाला पुढे गेले आणि बायकांनी तिथेच पोती उतरवून फुटपाथवर दुकानं मांडली. मी पिशवीतले फॉर्म लगेच काढले नाहीत. आधी अर्धा किलो शिंगाडे घेतले, भावावरून रीतसर भांडले, मग विचारलं, "दीदी, मायका यहीं है क्या?"

तराजूवाली हसली. "मायका तो कटनी में है. यहाँ तो धंधा है. काहे, आपको रिश्ता कराना है?"

"सड़क करानी है. लिख लूँ?"

"लिख लो. ससुर जी को मत पढ़ाना."

मग एकेकीनं सांगितलं, मी लिहिलं. एक जण मात्र खरोखरच माहेरी निघाली होती, लाडवांचा डबा घेऊन. तिला मुकाट्यानं 'इतर'मध्ये घातलं. साडेदहाला ऑफिसात जाऊन बेरीज नव्यानं मांडली. मझौली बसली, जेमतेम. साहेबांनी दोनदा तपासून सही केली, आणि तोंडातला शिंगाडा संपवून मला म्हणाले की लाडूवालीला पण विचारून पाहायचं होतं, लाडू विकायचे होते का म्हणून. मी यादी लखोट्यात घातली आणि भोपाळच्या टपालात देऊन आले.