जाळीवरचा हार

या गाडीबद्दल मी आजवर पुष्कळ बोललो आहे. ती कशी मिळाली, आरटीओत किती खेपा झाल्या, स्टिअरिंगजवळचा गिअर हाताशी बसेपर्यंत किती वेळा पहिल्याऐवजी रिव्हर्स पडला, हे सगळं आल्यागेल्याला सांगून झालं आहे. एका दसऱ्याच्या सकाळची हकिगत मात्र मी सात वर्षं टाळली. कोणी विषय काढलाच तर "मिस्त्रींचं काम कच्चं राहिलं" एवढं म्हणून पुढे गेलो. ते खोटं होतं. गाडी मी बिघडवली आणि दोष त्यांच्यावर ढकलला. त्यांच्या हाताला जे नाव होतं ते माझ्यामुळे गेलं. हे एकदा लिहून ठेवायला हवं, म्हणून बसलो आहे.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी मी गाडी घेतली. चार दरवाज्यांची, गोल दिव्यांची, जुनी घरगुती गाडी. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत जो कधी बसला आहे त्याला तिचं वेगळं वर्णन नको. ही डोंबिवलीत एका बैठ्या घराच्या अंगणात पत्र्याखाली उभी होती. मालक वारले होते, मुलगा ती भंगारात द्यायला निघाला होता. सीटच्या पाठींवर क्रोशाची पांढरी कव्हरं होती, त्या घरच्या बाईंनी विणलेली. ती कव्हरं पाहिली आणि मी हो म्हणून बसलो. इंजिन नंतर पाहिलं.

"दुसऱ्या मजल्यावर चढताना तीनदा थांबता," बायको म्हणाली. "क्लच कोण दाबणार, मी?"

"रविवारपुरती आहे गं."

"म्हणजे सहा दिवस पुसायची आणि सातव्या दिवशी ढकलायची."

तिचं म्हणणं पहिलं वर्षभर शब्दश: खरं ठरलं. आमची इमारत टेंभी नाक्याजवळची, जुनी. पार्किंग असं नाहीच. गल्लीत भिंतीला चिकटून लावायची. नवरात्रात मांडव पडला की नऊ दिवस गाडी हलत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पत्र दिलं, "सदर वाहन भंगार स्वरूपाचे दिसत असल्याने." मी रोज ज्या गाडीला फडकं मारत होतो तिच्याबद्दल हे वाक्य. आरटीओत चासीच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची असते. गंजामुळे दोन आकडे उमटेनात. तिथला माणूस म्हणाला, "नंबर दिसत नाही." मला दिसत होता. मी चार वेळा उन्हात रांगेला उभा राहिलो आणि चारही वेळा मला एकट्यालाच तो दिसला. सुटे भाग मिळत नसत, मिळाले तर बसत नसत. एकदा एकाने कार्ब्युरेटर उघडला, आणि जोडल्यावर त्याच्या हातात एक स्प्रिंग उरली. "हिचं काम नव्हतंच तसं," तो म्हणाला.

मग कल्याणचे मिस्त्री मिळाले. खाडीच्या बाजूला त्यांची शेड होती, एका वेळी दीड गाडी मावेल एवढी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टॅक्सीच्या गॅरेजात काढलेली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असावेत. बोलणं कमी. बोनेट उघडायच्या आधी ते इंजिन चालू करून डोळे मिटून उभे राहायचे आणि मग जिथे बोट ठेवायचे तिथेच दुखणं असायचं. उरलेली स्प्रिंग मी खिशातून काढून दाखवली तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "साहेब, ही नसल्यावर गाडी चालली कशी? तुमची पुण्याई हाय."

जुन्या गाड्यांचे शौकीन मिळून आमचा मोबाइलवर एक ग्रुप होता, तीसेक जणांचा. मीच तिथे मिस्त्रींचं नाव सांगितलं, आणि वर्षभरात रविवारी त्यांच्या शेडबाहेर गाड्या उभ्या राहू लागल्या. घोडबंदरच्या टॉवरमधली माणसं कल्याणला खेटे घालू लागली.

सुख मिळालंच नाही असं म्हटलं तर तेही खोटं होईल. पुढे दोन हिवाळे गाडी चांगली चालली. रविवारी पहाटे निघून आम्ही दोघं टिटवाळ्याला जायचो. पुढची सीट सलग, त्यामुळे बायको अगदी शेजारी बसायची. परत येताना कुठेतरी थांबून भजी खायची, तेलकट हात क्रोशाला लागू नयेत म्हणून ती मला कागद द्यायची. पेट्रोलपंपावर माणसं जवळ येऊन म्हणायची, "आमच्याकडे हीच होती." मला ते फार आवडायचं. तेवढ्यासाठीसुद्धा मी पंपावर जात असेन.

त्या वर्षी गणपतीनंतर मिस्त्रींनी हेडचं काम काढलं. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. तो उघडून, घासून, खाली नवं गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं पॅकिंग, घालून परत आवळायचा. बोल्ट आवळण्याचा क्रम असतो, मधून सुरुवात करून बाहेर जायचं, एका दमात नाही. मी शेजारी स्टुलावर बसून पाहत होतो. प्रत्येक बोल्टला त्यांनी तीन फेऱ्या दिल्या आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावून पुन्हा एकदा तपासले. निघताना म्हणाले, "आता दसरा येईल. पूजा करा, पण जाळीवर हार बांधून चालवू नका. टॅक्सीवाल्यांचं दर दसऱ्याला हेच. हार जाड, हवा बंद, आणि हिचा पंखा म्हणजे हातपंखा. फोटो काढा, हार काढा, मग निघा. आणि गरम झालीच तर बंद करून उभी ठेवा, चहा प्या. पाणी ओतू नका, तापलेल्या हेडला तडा जातो."

हे त्यांनी मला सांगितलं, मी ऐकलं, आणि मान डोलावली.

दसऱ्याला ग्रुपचा मेळावा घोडबंदर रोडवर एका टॉवरच्या मैदानात होता. नऊला सगळ्या गाड्यांचा एकत्र फोटो. आदल्या दिवशी मी बायकोला म्हणालो, "हार जाड कर. फोटोत दिसला पाहिजे." तिने झेंडू आणि आंब्याच्या पानांचा दुपदरी हार केला. सकाळी गल्लीत पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. हार दिव्यापासून दिव्यापर्यंत तारेने घट्ट आवळून बसवला, समोरची जाळी पार झाकली गेली. बायको म्हणाली, "मिस्त्री काढायला सांगत होते ना?"

"तिथे जाऊन काढू. आता परत बांधायला वेळ कुठाय?"

माजिवड्यापर्यंत ठीक होतं. पुढे मेट्रोच्या कामाचे पत्रे, एकच लेन, आणि सणाचा दिवस म्हणून सगळं ठाणं नव्या गाड्या घेऊन बाहेर. पाऊण तासात आम्ही दीड किलोमीटर सरकलो असू. ऑक्टोबरचं ऊन. इंजिनाच्या तापमानाचा काटा चढत होता, मी पाहत होतो. घड्याळही पाहत होतो. साडेआठ झाले.

"बाजूला घ्या," बायको म्हणाली.

"पुढच्या सिग्नलला रिकामं असेल."

"तुम्ही काटा बघताय की रस्ता?"

पुढच्या सिग्नलच्या आधीच बोनेटमधून वाफ आली. कशीबशी कडेला लावली. चहाची टपरी समोरच होती. अर्धा तास तिथे बसलो असतो तर ही हकिगत इथेच संपली असती. पण नऊचा फोटो चुकत होता, मागचे हॉर्न देत होते, आणि मला सगळ्यांचाच राग आला होता, रस्त्याचा, मेट्रोचा, गाडीचा, बायकोच्या गप्प बसण्याचा. मी फडक्याने रेडिएटरचं टोपण उघडलं, हात भाजून घेतला, आणि टपरीवरून आणलेली थंड पाण्याची कळशी आत रिकामी केली. आतून टक् असा आवाज आला. मोठा नव्हता. मी पुन्हा चावी फिरवली. गाडी सुरू झाली, धडधडली, पांढरा धूर सोडला आणि बंद पडली.

ग्रुपमधले एक निवृत्त बँक मॅनेजर मागून येत होते. त्यांची गाडी कडेला लागताना दिसली, तेवढ्यात मी तार सोडवली, हार काढला आणि बाजूच्या पत्र्यामागे टाकला. का टाकला ते तेव्हाही मला ठाऊक होतं.

त्यांनी बोनेटमध्ये डोकावून विचारलं, "हेडचं काम केलं होतंत ना? कोणी, कल्याणच्यांनी?"

"हो. गेल्या महिन्यात."

"मग झालं. बोल्ट ढिले ठेवले असणार. वय झालं त्यांचं."

मी नाही म्हणालो नाही. सुरुवात एवढ्याशाने झाली. रात्री ग्रुपवर सगळे विचारू लागले तेव्हा मी लिहिलं, "मिस्त्रींचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही." हे वाक्य माझं, कोणी सुचवलेलं नाही. त्याखाली बऱ्याच जणांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या.

दोन दिवसांनी गाडी टो करून कल्याणला नेली. मिस्त्रींनी हेड उघडलं. गॅस्केट जळालेलं, हेडला तडा. त्यांनी मला विचारलं, "साहेब, आधी गरम झाली होती का? पाणी टाकलं?"

"नाही. चालता चालता बंद पडली."

त्यांनी एकेक बोल्ट हातात घेऊन त्याचे आटे अंगठ्याने चाचपले. "मीच आवळले होते," म्हणाले. मला वाटलं ते स्वत:ची बाजू मांडताहेत. त्यांनी कुठून तरी दुसरं हेड मिळवून बसवून दिलं. गाडी आजही त्याच हेडवर चालते.

घरी बायकोने विचारलं, "मिस्त्रींना खरं सांगितलंत?"

"सांगतो."

"कधी?"

हा प्रश्न तिने वर्षभर अधूनमधून विचारला आणि मग सोडून दिला. ती सोडून देते तेव्हा माणसाने जास्त घाबरावं.

ग्रुपमधल्या गाड्या एकेक करून दुसरीकडे जाऊ लागल्या. मला काही करायला लागलं नाही. नवा कोणी आला की कोणीतरी सांगायचं, कल्याणला नका जाऊ, हात गेलाय त्यांचा. मी ते वाचायचो. उत्तर लिहायला घ्यायचो, "खरं तर त्या दिवशी," एवढं लिहून पुसायचो. तीस माणसांसमोर, आणि त्यातही त्या मॅनेजरांसमोर, कळशीभर पाण्याची कबुली द्यायची मला लाज वाटली. सत्तरीच्या माणसाला कशाकशाची लाज वाटावी याला सुमार नाही. शेडकडे जाणंही मी कमी केलं. बारीक कामं ठाण्यात करून घेऊ लागलो, वाईट व्हायची, चडफडायचो, पण कल्याणला जात नव्हतो.

गेल्या उन्हाळ्यात कळलं की शेड बंद झाली आहे. बायको म्हणाली, "आता तरी जाऊन या. मी येत नाही. तुमचं तुम्ही बोला." मी वाक्य ठरवलं. गाडीत मोठ्याने म्हणूनही पाहिलं. "मिस्त्री, चूक माझी होती, हार मी काढला नाही आणि पाणी मी ओतलं." सोपं वाक्य आहे. शाळकरी पोर म्हणेल.

शेडमध्ये पाण्याच्या बाटल्यांचं गोदाम झालं होतं. मागच्या खोलीत मिस्त्री खाटेवर बसले होते, बरेच वाळलेले. मला पाहून उठायला लागले, मी बसवलं. त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला. गाडी बाहेर उभी होती. तिचा आवाज त्यांनी आतूनच ऐकला होता.

"टॅपेट थोडे वाजतात," ते म्हणाले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "साहेब, तुम्ही आलात ते बरं झालं. मला तुमची माफी मागायची होती."

"त्या हेडचं. मी लय विचार केला. बोल्ट मी नीटच आवळले होते असं मला वाटतं, पण तुम्ही म्हणता गरम झाली नव्हती, मग माझाच हात चुकला असणार. दुसरं काय होणार? त्याच्यानंतर मी हेडचं काम घेतलंच नाय. लोक आले तरी नाय म्हणायचो. हातावर भरोसा नाय राहिला." त्यांनी दोन्ही हात जोडले. "तुमचा दसरा बिघडवला. मनात ठेवू नका."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ग्रुपने त्यांचं काम हिरावलं. त्या माणसाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून स्वत:च स्वत:चं काम बंद केलं होतं. ठरवलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. सूनबाई दारात उभ्या होत्या. मी मिस्त्रींचे जोडलेले हात माझ्या हातांत धरले आणि म्हणालो, "जाऊ द्या हो मिस्त्री. माणसाकडून होतं असं कधी कधी."

त्यांना बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसलं.

त्यानंतर पावसाळ्यातच ते गेले. मी त्यांना क्षमा केली, ती घेऊनच गेले. खरं तर ती मागायची मला होती. मिस्त्री, तुमचे बोल्ट घट्ट होते. चूक माझी होती. हार मी काढला नाही, पाणी मी ओतलं, आणि त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणालो. मला माफ करा.