टिचकीचं ‘चालेल’

टिचकीच्या माहेरी ‘नाही’ हा शब्द फारसा कुणी वापरत नसे. आईला नकार द्यायचा असला की ती ‘चालेल’ म्हणायची. चेहरा कोरा, आवाज गोड, आणि शेवटच्या अक्षरावर जरासं रेंगाळणं. मैत्रिणींबरोबर तळ्यावर पोहायला जाऊ का? चालेल. म्हणजे जाऊन तर बघ, तंगडं मोडून हातात देईन. एखादी गोष्ट मनापासून पसंत पडली तर ती ‘जमलं’ म्हणायची, तेही वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी. ‘छान’, ‘उत्तम’ वगैरे शब्द पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले असत. टिचकी आणि तिचा थोरला भाऊ दादा याच भाषेत लहानाचे मोठे झाले. आई गेल्यावर ती भाषा बोलणारी ही दोनच माणसं जगात उरली.

टिचकीच्या नवऱ्याला ती अजूनही येत नाही. तो बस चालवतो. सरळ रस्त्याचा माणूस. लग्न नवीन असताना त्याने विचारलं होतं, “रविवारी माझ्या आत्याकडे जाऊन येऊ या?” ही म्हणाली, “चालेल.” रविवारी हा गृहस्थ दाढीबिढी करून, बुटाला पॉलिश मारून दारात उभा, आणि ही गाऊनमध्ये टीव्हीपुढे पाय पसरून बसलेली. पुढे जे झालं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. शेवटी दादाला मध्ये पडावं लागलं. त्याने मेहुण्याला बाजूला घेतलं आणि म्हणाला, “आमच्याकडे चालेल म्हणजे चालणार नाही. हे एवढं लक्षात ठेवा, संसार सुखाचा होईल.” नवऱ्याने ते लक्षात ठेवलं आणि नेमक्या वेळी विसरत राहिला. संसार तरीही बरा झाला.

टिचकी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ती सायकलच्या कारखान्यात नव्या सायकली चालवून बघण्याचं काम करते. सायकलवर बसण्याचा पगार मिळतो हे ऐकून लोक हसतात. हसोत बापडे. दोनदा गळपट्टीचं हाड मोडून घ्या, गुडघ्यातले खडे चिमट्याने काढून घ्या, मग हसा. तर ही बाई कुठलीही सायकल हातात आली की बसायच्या आधी फ्रेमच्या नळीवर बोटाने टिचकी मारते आणि कान लावते. आवाज ठणठणीत आला तर बसते. बद्द आला तर आत कुठेतरी तडा आहे, सायकल परत. त्यातून उंचीनेही ती बेताचीच. त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. स्वभावही तसाच, कधी कुणाच्या कपाळावर बसेल सांगता येत नाही.

त्याच कारखान्यात दादा फ्रेम काढतो, म्हणजे कागदावर. भाऊ काढणार, बहीण चालवणार, अशी ती जोडी. टिचकीला रिपोर्ट लिहिण्याचा भारी कंटाळा. ती डोंगरावरून यायची, दादाच्या टेबलाच्या कडेला टेकायची आणि अर्ध्या अर्ध्या शब्दांत सांगायची. “चढाला जमली. वळणावर डोकं जड. ब्रेक, चालेल.” दादा त्याचं माणसांच्या भाषेत रूपांतर करून कारखान्याच्या मालकीणबाईंना पोचवायचा. मधे दुसरं कुणी लागत नसे. टिचकीला वाटायचं, भाऊ असावा तर असा. समोरच्याला पूर्ण वाक्य बोलून दाखवायची वेळ येत नाही यासारखं सुख नाही.

मग ती काळी सायकल आली.

कार्बनची फ्रेम. कार्बन म्हणजे शेवटी कोळसाच, आणि कोळसा उगाळावा तितका काळा म्हणतात. पण दादाने तो असा काही घडवला होता की बघत राहावं. डोंगरउतारासाठीच केलेली. दगडावर आदळलं की चाक जवळजवळ वीतभर वर सरकायचं आणि धक्का गिळून परत जागेवर यायचं. वर चाकंही मोठी, टिचकीच्या कमरेला लागतील अशी, आणि फ्रेम छोट्या मापाची असो की मोठ्या, चाकं तीच. दादाची ही पहिलीच कार्बनची सायकल. जमली नाही तर हे काम बाहेरच्या लोकांना द्यायचं असं मालकीणबाईंनी ठरवलं होतं, आणि ते कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

टिचकीने नळीवर बोट मारलं. आवाज असा आला की ती दादाकडे बघून हसली.

कारखान्यामागच्या डोंगराला ती सायकल लागली ती मांजर जिना चढतं तशी. मोठं चाक खड्ड्यात पडतच नव्हतं, खड्ड्याला ओलांडून जात होतं. ज्या दगडांनी टिचकीची वर्षानुवर्षं हाडं खिळखिळी केली होती ते सायकलखालून निमूट निघून गेले. माथ्यावर पोचल्यावर तिला इतका आनंद झाला की तिथल्या तिथे दादाला फोन करावासा वाटला. तिने केला नाही. उतार बाकी होता.

उतारावर सायकलस्वार सीट सोडून मागे सरकतो, अंग खाली घेतो, जवळजवळ मागच्या चाकावर लोंबतो. नाहीतर डोक्यावरून पुढे जाईल. टिचकी तशीच उतरत होती. मधल्या कड्यावरून सायकल खाली आपटली, धक्का गिळणारा शॉक पूर्ण दबला, मागचं मोठं चाक वर आलं आणि तिच्या बसायच्या जागेला भिडलं. टायरच्या दात्यांनी पँट पकडली आणि तिला मागे खेचलं. क्षणभर हँडल तिच्या हातात होतं की ती हँडलच्या हातात होती, हे तिलाही कळलं नाही. थांबली तेव्हा ती झुडपात होती, आणि पँटच्या मागच्या बाजूला वारा लागत होता.

उंच माणसाच्या बाबतीत असं होत नाही. त्याचे पाय लांब, अंग आणि चाक यांच्यात जागा राहते. बुटक्याला ती जागाच नाही. तिच्या ऐवजी कुणी नवखं असतं तर आज मान मोडून पडलं असतं.

दादा तिची अवस्था बघून पोट धरून हसला. मग आपला स्वेटर काढून तिच्या कमरेला बांधला.

“उंचांसाठी जमली,” टिचकी म्हणाली. “अगदी जमली, दादा.”

दादाचे डोळे भरून आले. जमली हा शब्द त्याने किती दिवसांनी ऐकला होता.

“आणि छोट्या मापात?”

टिचकीने चेहरा कोरा केला. “चालेल.”

दादाने मान हलवली. “कळलं. छोट्या मापाला मागचं चाक लहान घालतो. मागची चौकट बदलावी लागेल, पण घालतो. तू काळजी नको करू.”

टिचकीने काळजी केली नाही. शहाण्याला शब्दाचा मार. ती फाटकी पँट घेऊन शिंपीणबाईकडे गेली. शिंपीणबाई तिची मैत्रीण, दर रविवारची डोंगरातली जोडीदार, आणि उंचीने तिच्याहूनही दोन बोटं कमी. फाटलेली जागा बघून शिंपीणबाई म्हणाली, “काय गं, कुत्रं मागे लागलं होतं का?”

“सायकल लागली होती.”

“मग मी घेऊ का नको ती नवी?”

“थांब जरा. दादा आपल्या मापाची करतोय. मी सांगेन तेव्हा घे.”

“तू सांगशील तेव्हाच,” शिंपीणबाई म्हणाली आणि मशीनला दोरा ओवला.

नवी सायकल लोकांना दाखवायचा दिवस ठरला. बदललेलं छोटं माप तेवढं टिचकीकडे चालवायला आलं नव्हतं; दादाला वेळ पुरला नसेल, असं तिने धरलं. कारखान्याच्या आवारात खुर्च्या मांडल्या, सायकली ओळीने उभ्या केल्या. ज्याला वाटेल त्याने घ्यावी आणि डोंगरावर फिरवून आणावी, अशी मुभा होती. टिचकी फाटकातून आत आली आणि समोरच्या भिंतीवर तिला स्वतःचाच फोटो दिसला, पुरुषभर उंचीचा. जन्मात पहिल्यांदा ती इतकी उंच झाली होती. खाली ठसठशीत अक्षरं: ‘टिचकी म्हणते, चालेल!’

तिला हसूच आलं. म्हणजे कुणीतरी ऐकलं, आणि दादाला न विचारता छापून मोकळं झालं. आता दादा बघेल तेव्हा कपाळावर हात मारेल.

मालकीणबाई तिथेच उभ्या होत्या. टिचकी त्यांना म्हणाली, “मॅडम, हे दादाला दाखवलं नव्हतं वाटतं.”

“म्हणजे काय? त्यांनीच तर सुचवलं.” मालकीणबाई पोस्टरकडे बघत म्हणाल्या, “खरं सांगू, मला चालेल हा शब्द जरा मिळमिळीत वाटला होता. मी त्यांना दोनदा विचारलं, दुसरा काही घ्यायचा का? ते म्हणाले, नको. आमच्या आईला एखादी गोष्ट फार आवडली की ती चालेल म्हणायची. आमच्या घरात याच्यावरचा शब्द नाही.”

टिचकीने ओळीकडे पाहिलं. सगळ्यात छोट्या मापाची सायकल टोकाला उभी होती. दोन्ही चाकं मोठी.

विसरला असता तर तिने माफ केलं असतं. घाईत राहून गेलं असतं तरी केलं असतं. पण त्याने तो शब्द नीट उचलला, उलटा केला आणि वर आईचा शिक्का मारला. आई, जी आता येऊन सांगू शकत नव्हती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा इतका जवळचा की हात वर करायचंही सुचू नये.

तेवढ्यात टोकाची ती सायकल कुणीतरी ओळीतून बाहेर काढली. शिंपीणबाई. हेल्मेट घालून, पट्टा आवळून, चेहराभर हसत.

“मी बघितलं हो पोस्टर,” ती लांबूनच म्हणाली. “तू सांगितलं नाहीस, भिंतीने सांगितलं.”

टिचकी धावली. तिने दोन्ही हातांनी हँडल धरलं. “ही नको.”

“अगं, पण तूच म्हणालीस ना चालेल?”

“म्हणाले. आमच्या घरात चालेल म्हणजे नाही. सोड, उतर. उतारावर मागचं चाक अंगाला लागतं हिचं. मला लागलंय, तूच शिवलंयस.”

शिंपीणबाईचं हसू मावळलं. तिने पाय टेकला आणि सायकल सोडली. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मालकीणबाई आल्या, त्यांनी सगळं पुन्हा एकदा ऐकून घेतलं. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आधी छोट्या मापाच्या सगळ्या सायकली आत न्यायला सांगितल्या. मग त्या टिचकीला म्हणाल्या, “चालवण्यासारखी नव्हती, तर तेव्हाच ‘नाही’ असं का म्हणाला नाहीत?”

टिचकी यावर काय सांगणार? त्यांना कळावं म्हणून तिला आईपासून सुरुवात करावी लागली असती.

दादाला बोलावलं. तो आला, नवा शर्ट घातलेला, खिशाला कारखान्याचा बिल्ला. मालकीणबाईंनी सरळ विचारलं, “छोट्या मापात चाक अंगाला लागतं, हे तुम्हाला माहीत होतं?”

दादाने टिचकीकडे पाहिलं. टिचकीला अजूनही, त्या घटकेलाही, वाटत होतं की हा आता सांगेल. चूक झाली म्हणेल. ती लगेच पुढे होऊन त्याची बाजू घ्यायला तयार होती.

“नाही,” दादा म्हणाला. “मला ती असं काही बोलली नाही.”

दुसरं वाक्य शब्दशः घेतलं तर खरंच होतं.

लोक सायकली घेऊन डोंगराकडे गेले. उंच माणसं आनंदाने ओरडत खाली येत होती. सायकल होतीच तशी. शिंपीणबाईने टिचकीला पाणी आणून दिलं आणि ती तिच्याशेजारी बसून राहिली. मग टिचकी उठून वर्कशॉपमध्ये आपलं हेल्मेट आणि हातमोजे घ्यायला गेली. दादा तिच्या मागोमाग आला.

“ऐक तरी,” तो म्हणाला. “मागची चौकट बदलायची तर सगळं पुढच्या वर्षावर गेलं असतं. तोपर्यंत त्यांनी मला ठेवलं असतं का? हीच एक संधी होती, टिचके. छोट्या मापाचं मी नंतर करणारच होतो, शप्पथ. आणि मला वाटलं, तू समजून घेशील. तुझ्याशिवाय मला समजून घेणारं आहे कोण?”

टिचकी हातमोज्यांची घडी करत राहिली. आपले दात आणि आपलेच ओठ; दुखतं ते दोन्हीकडून. त्याचा चेहरा तिला दिसत होता, तळ्यावर जायला मिळालं नाही की लहानपणी व्हायचा तसा पडलेला. त्याच्या भीतीत खोटं काही नव्हतं. तिला त्याची दया आली आणि आपल्याला दया आल्याचा रागही आला.

“बोल की काहीतरी,” दादा म्हणाला. “शिव्या दे. पण अशी गप्प नको राहू.”

टिचकीने हेल्मेट काखेत धरलं. बोलली तेव्हा ती सावकाश बोलली, एकही शब्द न गाळता, परक्या माणसाला पत्ता सांगावा तसं.

“उद्यापासून मी चालवून पाहिलेल्या सायकलींचा रिपोर्ट स्वतः लिहून मॅडमना देणार आहे. त्यात तुम्हाला काही समजलं नाही, तर तुम्ही त्यांना विचारा.”

दादा हसायला गेला. ती थट्टा करत असेल असं त्याला वाटलं असावं. मग त्याने तिचं तोंड पाहिलं.

“तुम्ही?” तो म्हणाला. “मला तुम्ही म्हणतेस?”

“सरका,” टिचकी म्हणाली, “मला जायचंय.”

आणि तो सरकला.