कुठल्या गल्लीची लाइट कधी जाणार

वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मी सात वर्षं ऑफिस सांभाळलं. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवायचा छोटा कारखाना होता तो. चार मोल्डिंग मशिनं, अकरा कामगार, शेठ आणि मी. एके दिवशी सकाळी दहाला लाइट गेली ती पाच वाजता आली. मशीन चालू असताना लाइट गेली की तापलेल्या बॅरलमध्ये, म्हणजे मशिनच्या नळीत, वितळलेलं प्लास्टिक तिथेच घट्ट बसतं. ते पुन्हा तापवून, खरवडून काढण्यात पुढचा अख्खा दिवस जातो. त्या दिवशी चारही बॅरल जाम झाले. शेठ म्हणाले, "दोन तास आधी कळलं असतं तरी मशिनं रिकामी करून ठेवली असती."

तक्रार करायची म्हणून मी वीज कंपनीची वेबसाइट उघडली, तर पुढच्या आठवड्यात कुठे-कुठे दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार याची यादी तिथे लावलेली. मागच्या आठवड्याची यादीही होती आणि आमचा तो दिवस, दहा ते पाच, तिच्यात होता. कुणीही उघडून वाचावी अशी ती यादी होती, पण तिच्यात गल्ल्यांची नावं नव्हती. नुसते फीडरचे नंबर. फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघणारी मोठी लाइन. आपला गाळा कुठल्या फीडरवर, हे आमच्या गल्लीत एकालाही सांगता येईना.

मग मी जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून बाहेर पडायला लागले. आधी खांबावर चढलेल्या एका लाइनमनला गाठलं. जवळच्याच भातशेतीच्या गावातले, निवृत्तीला आलेले गृहस्थ. खाली उतरून त्यांनी माझा यादीचा कागद लांब धरून वाचला.

"मॅडम, हे नंबर ऑफिसात चालतात. आमी कोनी नंबरानं बोलत नाय. ही बर्फाच्या कारखान्याची, म्हनून बर्फवाली लाइन, ती पत्रेवाली."

"मग बर्फवालीचा नंबर कुठला?"

ते हसले. "ते आता बसून लावायला लागंल. या उद्या."

आम्ही दोघांनी ते बसून लावलं. कारखान्यांच्या गल्ल्या झाल्या, मग मी राहते त्या फुलपाड्याच्या चाळी आणि इमारती. अडीच महिन्यांनी माझ्या वहीत प्रत्येक फीडरपुढे त्याच्या गल्ल्या होत्या. दर आठवड्याला नवी यादी लागली की मी ती मराठीत, गल्लीच्या नावानिशी लिहून व्हॉट्सॲपवर टाकायची. पहिला मेसेज शेठना आणि आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपला गेला. वर्षभरात पिठाची गिरणी, शिवणकाम करणाऱ्या बायका, दातांचे डॉक्टर, घरी ऑक्सिजनचं मशीन असलेले एक आजोबा, सगळे त्यावर चालायला लागले.

आणि सगळे मला फोन करायला लागले. पोळ्या लाटताना फोन, बँकेच्या रांगेत फोन. नवरा मुंबईला नोकरीला. तो एकदा वैतागून म्हणाला, "तुला कुणी नेमलंय का या कामावर?" शेठनीही प्रेमानेच विचारलं, "मॅडम, तुम्ही माझ्याकडे आहात की वीज कंपनीकडे?" दोघांचंही बरोबर होतं. हे काम उरल्यासुरल्या वेळात होणारं राहिलं नव्हतं. ते चालवायचं तर त्याने माझं घरही चालवायला हवं होतं.

इन्व्हर्टर विकणारा एक दुकानदार आपणहून आला. प्रत्येक मेसेजखाली त्याच्या दुकानाचा नंबर टाकायचा आणि तो मला महिन्याला ठरावीक रक्कम देणार. मला बरं वाटलं. तीन महिने नीट चाललं. चौथ्या महिन्यात तो म्हणाला, "ताई, ज्या आठवड्यात काही नसेल तेव्हा नुसतं 'लाइट जाण्याची शक्यता' एवढं लिहीत चला. खोटं थोडंच आहे ते?" मी त्याच दिवशी त्याचा नंबर काढून टाकला. ऑक्सिजनवाल्या आजोबांची सून माझा मेसेज वाचून सिलिंडर मागवायची. तिला मी कुठल्या तोंडाने घाबरवणार?

मग मी गाळेवाल्यांच्या बैठकीत गेले. तीस-पस्तीस मालक, बाई मी एकटी. म्हटलं, "मेसेज आहे तसा सगळ्यांना फुकट राहील. यादी सगळ्यांची आहे, ती मी विकणार नाही. पण ऐनवेळी तारीख बदलली की फोन करून कळवणं, कुठल्या दिवशी मशिनं बंद ठेवायची, साप्ताहिक सुट्टी कुठे सरकवायची हे तुमच्यासाठी बसून ठरवणं, हे काम आहे. ते ज्याला हवं त्याने महिन्याची वर्गणी द्यावी."

मागून एकजण म्हणाले, "यादी फुकट आहे तर आम्ही पैसे कशाला द्यायचे?"

"नका देऊ. मेसेज येत राहील."

त्या दिवशी नऊजणांनी वर्गणी भरली, त्यात पहिले आमचे शेठ. महिनाअखेर मी नोकरी सोडली. त्यांनी त्यांच्याच गाळ्यातल्या माळ्यावर मला टेबल टाकून दिलं.

दोन महिन्यांत त्या प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी माझी गल्लीवार यादी जशीच्या तशी उचलून स्वतःचा ग्रुप काढला. मला रडू आलं. अडीच महिने उन्हात फिरून केलेली यादी होती ती. नवऱ्याने शांतपणे विचारलं, "यादी सगळ्यांची, असं तूच म्हणाली होतीस ना? मग तो रोज सकाळी साइट उघडून बघतो का, एवढंच बघ."

तो बघत नव्हता. हे कळलं ते उपकेंद्रात मोठा ट्रान्सफॉर्मर बदलायचा ठरला तेव्हा. अर्ध्या वालीवची वीज दिवसभर बंद राहणार होती, गुरुवारी. सोमवारी सकाळी मी नेहमीसारखं पान उघडलं, तर तारीख बदललेली. गुरुवारऐवजी मंगळवार, म्हणजे दुसऱ्याच दिवशी. खात्रीसाठी मी लाइनमनना फोन केला. ते म्हणाले, "व्हय, ट्रक आलाय इथं. उद्याच करनार."

आधी सगळ्यांना मेसेज टाकला. मग वर्गणीदारांना एकेक करून फोन, तोवर ते बावीस झाले होते. आणि मग त्या दुसऱ्या ग्रुपवाल्या गृहस्थांनाही केला. क्षणभर हात थांबला होता, पण त्यांच्या ग्रुपवर चाळीस गाळे होते. ते म्हणाले, "आमच्याकडे तर गुरुवार लिहिलंय." मी म्हटलं, "तुमच्याकडे मागच्या आठवड्यातलं आहे. आत्ता उघडून बघा."

मंगळवारी दहाच्या ठोक्याला लाइट गेली. मी मुद्दाम गल्ल्यांमधून चालत गेले. सगळी मशिनं आधीच रिकामी करून ठेवलेली. कुठे कामगार मशिनची साफसफाई करत होते, कुठे सगळ्यांना सुट्टी. एक मालक दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते, त्यांनी मला हात केला. संध्याकाळी लाइट आल्यावर तासाभरात गल्लीभर मशिनं धडधडायला लागली. एकही बॅरल जाम नव्हता.

बुधवारी ते गृहस्थ माळ्याचा जिना चढून आले. वर्गणी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ग्रुप तुम्हीच चालवा. माझ्याच्याने होत नाही." त्याच आठवड्यात वीज कंपनीच्या कार्यालयातून एका अभियंता बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "आमच्याकडे गल्लीवार यादी नाही. तुमची मिळेल का? आम्ही सूचनेत नंबरासोबत गल्ल्याही छापू."

नवरा म्हणाला, "दिलीस तर तुझं काम जाईल." मी दिली. काम गेलं नाही, उलट त्यांच्या सूचनांमधल्या चुका शोधून कळवायचं काम वाढलं. गल्ल्या छापलेली पहिली सूचना आली त्या दिवशी मी तिची प्रत काढून लाइनमनना दाखवायला गेले. त्यांनी कागद लांब धरून सगळा वाचला. एका नंबरापुढे कंसात छापलं होतं, बर्फवाली लाइन.

"च्यायला," ते म्हणाले, "सरकारी कागदावर," आणि कागदाची घडी घालून त्यांनी तो वरच्या खिशात ठेवला. मी परत मागितला नाही.