खंडेनवमीचं कुंकू आणि पांढरी शाई

खंडेनवमीला यंत्राची पूजा करावी, माझी ना नाही. पण पूजा म्हणजे यंत्राचा गळा दाबणं नव्हे!

धाराशिवात माझं छपाईचं दुकान आहे. मशीन पलंगाएवढं, सपाट. काच, लाकूड, पत्रा, काहीही आडवं टाका, वर छापून मिळतं. त्या दुपारी त्यावर येडशीच्या एका बाईंच्या दुकानाचं काचेचं दार होतं. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या दुकानात ब्लाउज शिवले, आता स्वतःचं दुकान दसऱ्याला, म्हणजे उद्याच उघडायचं होतं. काच एकच. अक्षरं पांढरी.

पहिलं अक्षर झकास उमटलं. दुसरं फिकट. तिसऱ्यावर मोडक्या कंगव्यानं विंचरल्यासारखे पट्टे!

मी ब्लेडनं सगळं खरवडलं. शाई फवारणारं हेड धुतलं, शाई हलवली, फिल्टर बदलला. चाचणीच्या रेघा सरळ यायच्या, छपाई सुरू केली की थोड्या वेळानं पुन्हा तीच रड. पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "हेड गेलं. नवं टाका."

"मग पहिलं अक्षर काय तुमच्या आज्जीनं काढलं का?" मी फोन आपटला.

गल्ल्यावरून माझे थोरले काका म्हणाले, "तापू नगंस. देवाचा दिवस हाय."

"दादा, जमणार का?" बाई स्टुलावरून म्हणाल्या. "न्हाय तर खडूनं लिहिते नाव. तेवढं येतंय मला."

हे मात्र झोंबलं. मी शाईच्या टाक्यांवर वाकलो. प्रत्येक झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गुडगुडत अडतं ना, तसं ते बुजलं की शाई अडते. बाकीच्या झाकणांवर सकाळच्या पूजेचं कुंकवाचं एकेक बोट होतं, छिद्राच्या बाजूला. पांढऱ्या टाकीवर मात्र कुंकवाचा लेप वाळलेला, आणि छिद्रात एक अक्षता ताठ उभी!

"काका!" मी असा ओरडलो की समोरचा चहावाला बाहेर आला. "हे काय केलंत?"

"पांढऱ्यावर कुंकू उठून दिसतंय, म्हणून जरा जास्त लावलं," काका शांतपणे म्हणाले.

बाईंनी पदराची पिन काढून दिली. मी अक्षता उपसली, कुंकू खरवडलं. टाकीनं सुस्कारा सोडला. काच पुन्हा पुसून लावली आणि नाव शेवटच्या अक्षरापर्यंत दुधासारखं उमटलं. बाई प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही उद्घाटनाला गेलो. काका मधल्या खुर्चीत बसून पाहुण्यांना सांगत होते, "मशीन रुसलं होतं. पण सकाळी पूजा केलेली, म्हणून पावलं बघा."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. पण बाईंनी नेमका तेव्हाच अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबला होता.