ओल्या हातात बसलेली मूठ

मैत्रिणींनो, आज आमच्या खुर्सीपार भागातल्या एका दुकानात माझी वर्षभराची भीती गेली!

मागच्या कॅम्पला दोर कापताना ओल्या हातातून चाकू सटकला आणि तळवा चिरला. तेव्हापासून मी चाकूला हात लावत नव्हते. उद्याच्या जंगल कॅम्पला जावं की नाही, तेही ठरत नव्हतं.

आज नवा चाकू घ्यायला बाबांना सोबत नेलं. ते स्टील प्लांटमधून रिटायर झालेले फिटर. मला बोटांसाठी खाचा असलेली काळी, चकचकीत मूठ आवडली. बाबांनी सरळ बाटलीतलं पाणी माझ्या हातावर ओतलं. "आता धरून पाह्य. आमी हातोडी अशीच पाहून घेत होतो."

दुकानदार हसला, "अंकल, चाकू ले रहे हो या हाथ धुलवा रहे हो?"

मूठ हातात गोल फिरली. खाचा माझ्या बोटांसाठी नव्हत्याच, कुणा मोठ्या पंजासाठी होत्या. मग एक साधी, खरखरीत लाकडी मूठ धरली. पात्याच्या बाजूला उंचवटा होता, बोट पुढे सरकेचना. दोनदा झटकली, तरी हलली नाही.

"कावून हासून राहिली?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मी उद्या जाऊन राहिली!"

तुमच्या घरातली किती हत्यारं तुमच्या हाताच्या मापाने घेतली आहेत?