सांगोल्यातल्या डॉक्टरीणबाई

बदली होऊन आम्ही सांगोल्यात आलो तेव्हा देवावरचा माझा विश्वास पार उडत चालला होता. सासूबाईंना चक्कर येई, पाय लटपटत, बोलता बोलता गोंधळायला होई. गाव नवं, घरचा म्हणावा असा डॉक्टर नाही. एकाने रक्तदाबाची गोळी वाढवली, दुसऱ्याने वयावर ढकललं. म्हातारपणाला औषध नाही म्हणे! माझी आई मी लहान असतानाच गेली. आई म्हणायला मला या बाईंनी शिकवलं. त्या हातच्या जाणार, या भीतीने मला घास गोड लागेना.

अंबिकेच्या देवळात जाऊन मी सरळ भांडले. तुला दिसत नाही का, म्हटलं. डोळे पुसत बाहेर आले, तर पायरीजवळच्या बांगड्यावाल्या मावशींनी हाताला धरून बसवलं, सगळं विचारलं आणि स्टँडमागच्या डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितलं. बोलतात लई, पण ऐकतातही, म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी गावाकडची, खाण्यापिण्याची चौकशी केली, रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट बघून त्या सासूबाईंकडे वळल्या.

"आजी, देवासाठी काय सोडलंय?"

सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "मीठ."

माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्या वेळापूरच्या महादेवाला बोलल्या होत्या: सून बरी झाली की मूठभर मीठ वाहीन, तोवर अळणी खाईन. मी बरी झाले, पण लगेच बदलीची धावपळ. फेडायच्या आधी नवस सांगायचा नाही, म्हणून त्या मुकाट्याने दूधभातावर राहिल्या. आम्हाला वाटलं, दातांमुळे. त्यात ती वाढवलेली गोळी, तीही अंगातलं मीठ उतरवणारी. रक्तातलं मीठ फार उतरलं होतं, जिवावर बेतलं असतं. आणि सलाईन लावू देतील तर शपथ! त्यातही मीठच असतं की.

आता डॉक्टरीणबाई चिडणार, असं मला वाटलं. त्यांनी ती गोळी बंद केली आणि म्हणाल्या, "मग बसलाय काय? गाडी काढा, नवस फेडा अन् तसंच हितं या. मी बेड तयार ठेवते."

वेळापुरात सासूबाईंनी मूठभर मीठ वाहिलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि चक्क हसल्या. परत येऊन सलाईनसाठी त्यांनी आपणहून हात पुढे केला.

आता घरात साधी शिंक आली तरी आमचे पाय डॉक्टरीणबाईंकडेच वळतात. अंबिकेसमोर मी अजून बोलते, भांडत मात्र नाही. सांगायचं ते सांगून टाकते, पुढचं तिच्यावर सोपवते. परवा आमटीचा भुरका मारून सासूबाई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "मिठाला काय महाग झालीस का गं?" मी हसले, रडले आणि मनातच देवीला म्हटलं, आई, माझं मागणं संपलं.